पोरगा शिवाराचा, पोरी आईच्या?

संसार मोडायचा ठरला की आपल्या भागात आधी कोर्ट येत नाही, कागद येतो. दोन्हीकडची चार जाणती माणसं सोप्यात बसतात, चहा फिरतो, आवाज चढतात आणि उतरतात, मग कुणीतरी पिशवीतून स्टँप काढतो. मजकूर लिहिणाऱ्याला तोंडपाठ असतो. ‘आम्ही उभयतांनी राजीखुशीने’ अशी सुरुवात. मग दागिने-भांडी पोचल्याची ओळ. मग ‘मुलगा वडिलांकडे व मुली आईकडे राहतील’. आणि सह्यांच्या जरा वर: ‘यापुढे लिहून देणार व तिच्याकडील मुली यांचा स्थावर-जंगम मिळकतीत कसलाही हक्क-संबंध राहिला नाही.’ खाली नवऱ्याची सही, बायकोची सही किंवा अंगठा, पंचांच्या सह्या. जिचा हक्क या कागदानं संपवला, त्या सात-आठ वर्षांच्या पोरीची सही कुठेच नसते. असणार तरी कशी?

बेळगावजवळच्या कडोलीत दर जानेवारीला गावकरी आपल्या हिमतीवर साहित्य संमेलन भरवतात. अशा गावाला शब्दांची किंमत निराळी सांगायला नको. म्हणून या दोन ओळींतल्या शब्दांचाच हिशोब इथं मांडतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पडेल आवाजात नको. जाणती माणसं जे म्हणतात ते असं: शिवाराला वारस लागतो. पोरगा इथं वाढला तर बांध ओळखेल, रताळ्याचा वेल कधी लावायचा हे त्याला सांगावं लागणार नाही, म्हाताऱ्या आजा-आजीला बघेल. आईबरोबर मामाच्या गावी गेला तर त्याला सर्व्हे नंबर तेवढा कळेल, जमीन कळणार नाही. आणि उद्या मामाच्या नादानं दावा टाकून तुकडा विकून मोकळा होईल. पोरी आज ना उद्या दुसऱ्या घरी जायच्या, त्या आईजवळ बऱ्या. जी बाई पोरं घेऊन उंबरा ओलांडून गेली तिनं मागं वळून शिवाराकडं बोट दाखवू नये. आणि कायदाही हेच सांगतो, पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, नंतर बापाचं.

यातलं सगळंच टाकाऊ नाही. आजा-आजीची काळजी खरी आहे, तुकडे पडण्याची भीतीही खरी आहे. चूक वेगळ्याच ठिकाणी आहे. मूल कुणाजवळ राहणार हा एक प्रश्न, आणि मुलाचं स्वतःचं काय आहे हा दुसरा. या दोहोंची गाठ मारली आणि ती शास्त्राच्या, कायद्याच्या नावावर खपवली, ही ती चूक. गाठ शास्त्राची नाही, कायद्याचीही नाही. आपण मारलेली आहे.

शास्त्रापासून सुरुवात करू, कारण ‘वाडवडिलांपासून असंच चालत आलंय’ हे वाक्य त्याच्याच आधारावर उभं असतं. वडिलार्जित जमिनीचा आपला कायदा ज्या ग्रंथावर उभा आहे ती मिताक्षरा विज्ञानेश्वरानं लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या काळात, कल्याणीला. म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, मराठी बोलणारा आणि कानडी बोलणारा, सगळ्यांचा वाटणीचा हिशोब शेकडो वर्षं याच ग्रंथावरून झाला. बंगालातल्या जीमूतवाहनाचा दायभाग म्हणतो की बाप गेल्यावर मुलाचा हक्क सुरू होतो. विज्ञानेश्वराचं म्हणणं नेमकं उलटं: वडिलार्जित मिळकतीत मुलाचं स्वामित्व जन्मानंच येतं. जन्मानं, राहण्यानं नव्हे, राबण्यानं नव्हे, कुणाच्या ताटात जेवला त्यानं तर नव्हेच. जे जन्मानं आलं ते आईबरोबर एस्टीत बसल्यानं जात नाही. त्या काळी हा हक्क मुलापुरता होता, हे खरं. पण घर सोडल्यानं तो संपतो हे शास्त्राच्या माथी मारता येत नाही. उलट, बापानं मुलांना समान वाटे दिले तर ज्या बायकांना स्त्रीधन मिळालेलं नाही त्यांनाही तेवढाच वाटा द्यावा, हे याज्ञवल्क्यानं सांगितलं आणि मिताक्षरेनं उचलून धरलं. जो रिवाज ‘पूर्वापार’ म्हणून सांगितला जातो तो पूर्वापारापेक्षा बराच अलीकडचा आणि बराच सोयीचा आहे.

आता ‘पाच वर्षांनंतर मूल बापाचं’. हे वाक्य कोणत्याही कायद्यात नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई; पण पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणतः आईकडे असावा. पाचापर्यंत आईकडे, एवढंच लिहिलंय. पाचानंतर बापाकडे, हे आपण पदरचं जोडलं. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की सगळ्यात वरचा विचार मुलाच्या हिताचा. १८९० चा पालक व पाल्य कायदा तर इंग्रजी अमदानीतला. त्यातही मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घ्यायची तरतूद आहे. आणि ‘बापानंतर आई’ यातल्या ‘नंतर’चा अर्थ बाप मेल्यावर असा नसून बाप लक्ष घालत नसेल तेव्हासुद्धा असा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगून टाकलं. पंचवीस वर्षं उलटली. आमच्या सोप्यातल्या बैठकीपर्यंत ते पोचलेलं नाही.

पण खरी मेख पुढं आहे. समजा पोरगा आईबरोबर गेला. मग त्याची जमीनही तिच्याबरोबर गेली का? किंवा पोरगा बापाकडे राहिला, म्हणून बापाच्या हाती काही जास्तीचं आलं का? दोन्हींचं उत्तर नाही. १९५६ च्या त्याच पालकत्व कायद्याचं कलम १२ सांगतं की अज्ञान मुलाचा अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत अविभक्त हिस्सा असेल आणि ती मिळकत घरातल्या सज्ञान माणसाच्या कारभारात असेल, तर त्या हिश्शासाठी पालक नेमायचाच नाही. म्हणजे मूल मामाच्या गावी असो की कडोलीत, त्याच्या न वाटलेल्या हिश्शाचा कारभार कर्त्याकडेच राहतो. आई तो विकू शकत नाही, गहाण टाकू शकत नाही. वाटणी होऊन हिस्सा वेगळा निघाला तरी कलम ८ आडवं येतं: कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही विकता येत नाही. ‘मामा जमीन विकून खाईल’ या भीतीला कायद्यानं आधीच कडी घातलेली आहे. ती बापालाही लागू आहे, एवढंच काय ते बापाच्या बाजूला आवडत नाही. पोराला जवळ ठेवून जमीन राखली असं वाटतं खरं. पण राखलं काहीच नाही, पोर तेवढं आईवेगळं केलं.

‘पोरी आईच्या’ हा अर्धा भाग त्याहून कच्चा. पोरगा का ठेवायचा? तो जमिनीचा धनी म्हणून. पोरी का द्यायच्या? त्यांचा जमिनीशी संबंध नाही म्हणून. हे दुसरं वाक्य एके काळी खरं होतं. कर्नाटकात ३० जुलै १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतं, ते खोटं ठरलं. महाराष्ट्रानं त्याच वर्षी तसाच कायदा केला. आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलासारखीच जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलार्जित मिळकतीची हिस्सेदार, झाली. बाप त्या दिवशी जिवंत असला पाहिजे का, यावर पंधरा वर्षं घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तोही मिटवला. तसं पाहिलं तर ज्या तर्कानं पोरगा बापाकडे ठेवला त्याच तर्कानं पोरीही ठेवायला हव्या होत्या. त्या ठेवल्या नाहीत, यावरूनच दिसतं की तर्क जमिनीचा नव्हता, सवयीचा होता. भावंडांची मात्र वाटणी झाली. शेत अखंड राहावं म्हणून पोरं वाटून घेतली.

मग त्या कागदातली हक्क सोडल्याची ओळ? तिचं काय होतं ते एकदा नीट पाहावं. स्थावर मिळकतीतला शंभर रुपयांवरचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुसरं, अज्ञान मुलीच्या वतीनं आईनं तिचा हिस्सा सोडून देणं हे आईच्या अधिकारातच बसत नाही. प्रकरण कोर्टात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे अज्ञानाच्या वतीनं तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते. तिसरं, मुलीचा चरितार्थ. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाह म्हणजे नुसतं अन्नवस्त्र नव्हे. राहणं, शिक्षण, औषधपाणी आणि अविवाहित मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चही त्यात धरला आहे. ही जबाबदारी आईबापांची मुलाशी आहे, आईबापांची एकमेकांशी नाही. म्हणून आई तिच्या वतीनं ती माफ करू शकत नाही. पंचांसमोर तिनं ‘मला काही नको’ म्हटलं ते तिच्या रागाचं वाक्य. मुलीच्या वाट्याचं नव्हे.

‘उताऱ्यावर पोरीचं नाव कुठाय?’ हा पुढचा प्रश्न. उतारा काढा. कानडी वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. सीमाभागातल्या कित्येक बायका इथंच अडतात. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात बोजा. नवव्यात नाव नाही म्हणजे हक्क नाही, अशी सर्रास समजूत आहे. पण महसुलाच्या दप्तरातली नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. ती सारा कुणाकडून घ्यायचा ते दाखवते. अकराव्या रकान्याकडे मात्र आपण पुरतं बघत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली ठरलेल्या पोटगीचा बोजा कोर्ट स्थावर मिळकतीवर बसवू शकतं. असा बोजा चढलेली जमीन घेणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

सीमाभागात राहणाऱ्याला तर मुलाचा आणि जमिनीचा हे दोन प्रश्न वेगळे आहेत याचा पुरावा पुस्तकात शोधायला नको. सासर कडोली, माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजकडचं, अशी घरं कितीतरी. बाई माहेरी गेली की मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात, म्हणजे महाराष्ट्रात. पोटगीचा अर्जही ती राहते तिथं. पण वाटणीचा दावा जमीन जिथं आहे तिथंच, बेळगावात. वर अपिलात जायचं तर एक कागद कोल्हापूरला, जिथं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, आणि दुसरा धारवाडला. मुलाचा प्रश्न मुलाच्या पावलांनी चालतो, जमिनीचा प्रश्न जमिनीपाशी थांबतो. खुद्द कोर्टांनी दोन राज्यांत वाटून घेतलेल्या प्रश्नांना आपण एका ओळीत कोंबायचं, हे जरा जास्तच झालं.

इथं जाणकार प्रतिपक्षी दोन आक्षेप काढेल आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: प्रत्येक ‘आजोबांची जमीन’ वडिलार्जित नसते. १९५६ नंतर आजोबा गेले आणि त्यांची स्वतःची मिळकत वारसा कायद्याच्या कलम ८ खाली बापाकडे आली, तर ती बापाची स्वतंत्र मिळकत. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हे पक्कं आहे. अशा जमिनीत मुलाला जन्मानं काही मिळत नाही. हे मान्य. पण तिथं मुलगा जवळ ठेवल्यानं त्यालाही जन्महक्क मिळत नाही. म्हणजे गावाचं सूत्र तिथंही टिकत नाही. दुसरा आक्षेप जुना आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात ठरवलं की बाप आपल्या बापाशी किंवा भावांशी अविभक्त असेल तर बापाच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येणार नाही. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे हा नियम इथं परका नाही. त्या पीठावर काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते आणि त्यांनी आपलं भिन्न मत नोंदवलं, हेही विसरू नये. तरीही नियम जसा आहे तसा धरला, तर तो वाटणी कधी मागायची याचा आहे. हिस्सा आहे की नाही याचा नाही. दार बंद असणं आणि घर नसणं यांत फरक आहे.

बायकोच्या बाबतीत मात्र मला माघार घ्यावी लागते. नवरा जिवंत असता त्याच्या वडिलार्जित जमिनीत बायको म्हणून तिला हिस्सा मागता येत नाही. तिचं स्त्रीधन तिचं. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं. पोटगी तिची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं ज्या घरात नांदली त्या घरात राहण्याचा हक्क तिचा, आणि घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यानं तो संपत नाही, हे २०२० च्या आहुजा निकालापासून स्पष्ट झालं. पण पंधरा वर्षं ज्या शेतात तिनं भांगलण केली, बटाटे काढले, त्या शेताचा गुंठाही नाही. संसारात कमावलेल्या मिळकतीत बायकोला वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं आणि लोकसभेची मुदत संपताच ते बुडालं. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की चित्र पालटतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या तिथल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते आणि फारकत झाली तर निम्मी-निम्मी. तिथल्या शेतांचं तेवढ्यानं वाळवंट झालं नाही.

आणखी एक गोष्ट कागद लिहिणारे विसरतात. सोडचिठ्ठीनं लग्न मोडतंच असं नाही. जातीत तशी रूढी आहे हे सिद्ध झालं तरच हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ तिला मानतं. नाही तर लग्न शाबूत. मग माहेरी बसलेली बाई कायद्यानं बायकोच राहते, आणि नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतंत्र मिळकतीला नि हिश्शाला पहिल्या वर्गातली वारस. दरम्यान त्यानं दुसरी केली असेल तर ते लग्न रद्दबातल. पण तिच्या मुलांना कायदा अनौरस म्हणत नाही. कर्नाटकातूनच वर गेलेल्या रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी मुलं जन्मानं सहदायाद होत नाहीत, पण बापाच्या वाट्याला आलं असतं त्यात त्यांना वारसा आहे. ज्या कागदानं ‘सगळं मिटलं’ म्हणून पेढे वाटले, त्यानं पुढच्या पिढीला दोन घरांतल्या भावंडांचा खटला लावून दिलेला असतो.

राहिला तुकड्यांचा मुद्दा. एकाच चुलीवर जेवलेले दोन सख्खे भाऊसुद्धा बांध घालतात. तुकडे भांडणानं पडतात, पोरगी आजोळी वाढली म्हणून पडत नाहीत. हिस्सा असणं म्हणजे उद्याच मोजणी मागणं नव्हे. वारसानं मिळालेला वाटा कुणी बाहेर विकू लागला तर तो आधी घरातल्या सहवारसांनी घ्यावा, अशी सोय वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि ती शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. आणि शेती शिकायला पोरगा शेतातच वाढला पाहिजे हे खरं असेल, तर पोरीनं का शिकू नये? मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, गावची यात्रा एवढे दिवस दोघांनीही बापाच्या शिवारात काढावेत, आणि शाळेचे दिवस दोघांनीही एका छपराखाली. हे कागदात लिहायला कोण अडवतो?

पंचांना बाजूला सारा असं माझं म्हणणं नाही. चार मैलांवर राहणारा, दोन्ही घरं ओळखणारा माणूस जे जोडू शकतो ते तारखांवर तारखा पडणाऱ्या कोर्टाला जमत नाही. फक्त त्यांनी एकाऐवजी दोन कागद करावेत. पहिल्यात माणसं: मुलं कुठं राहणार, भावंडं एकत्र कशी राहतील, बापाला किंवा आईला भेटायचे दिवस कोणते, फी कोण भरणार. परिस्थिती बदलली की हा कागद बदलायचा. कोर्टसुद्धा ताब्याचा हुकूम पुढे बदलतं. दुसऱ्यात वस्तू: सर्व्हे नंबर, कुठली जमीन वडिलार्जित आणि कुठली स्वतः घेतलेली, किती तोळं कुणाचं, बोजा किती. मुलांचा हक्क सोडल्याची ओळ दोन्हींत नसावी. मग दोन्ही कागद संमतीच्या अर्जाबरोबर कोर्टापुढे ठेवावेत, म्हणजे सोडचिठ्ठीची शंकाही उरणार नाही.

आणि एक बारीक दुरुस्ती. हल्लीच्या कागदात मुलीचं नाव असतं, वय अंदाजे असतं, जन्मतारीख नसते. ती लिहावी. त्या तारखेला तिचा हिस्सा सुरू झाला. त्याच तारखेत अठरा मिळवले की ती सज्ञान होईल, आणि पालकानं तिच्या मिळकतीचं केलेलं हस्तांतर मोडून घ्यायला तिला तिथून तीन वर्षं मिळतील. कागद लिहिणाऱ्यानं ती तारीख एकदा आपल्या हातानं लिहिली, की त्याच्या खालची ओळ लिहिताना हात थोडा थबकेल.